न कापलेली फांदी

संस्थेत तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की कापबाई. तिला ते ठाऊक होतं. राग येणं सोडाच, मनातल्या मनात ती थोडी सुखावायचीच, कारण कापण्याच्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. गाजराच्या तुकड्याला मधोमध चीर द्यायची, त्या चिरेत झाडाचं कोवळं खोड बसवायचं आणि साध्या दाढीच्या ब्लेडने गाजरासकट त्याच्या आडव्या चकत्या काढायच्या. चकती इतकी पातळ हवी की पाण्याच्या बशीत टाकली तर शोधावी लागली पाहिजे. नव्या पोरांच्या जाडजूड चकत्या पाहून ती गंभीर चेहऱ्याने म्हणायची, मीठ लावून ठेवा, डबा विसरलात तर कामी येतील.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर झाडांची नाती ठरवण्यासाठी. दोन झाडं खरोखर सख्खी आहेत की नुसतीच एकमेकांसारखी दिसतात, हे ठरवायचं तर लोक आधी फूल बघतात. पाकळ्या किती, केसर किती, बी धरणारी पिशवी कुठे. मग पानं, मग अंगावरची लव. कापबाईचं म्हणणं असं की हे सगळं जरूर बघा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. ऊन, वारा, भुकेली जमीन, कशानेही झाडाचं बाहेरचं रूप पालटतं. खोडात पाणी नेणाऱ्या नळ्यांच्या जुड्या कशा मांडल्यात, पानाच्या पाठीवरची श्वासाची छिद्रं कोणत्या पेशींनी वेढलीत, पेशींच्या आत खडे आहेत की सुया, हे सहसा बदलत नाही. म्हणून आत बघितल्याशिवाय बोलायचं नाही. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी फुलदाणीतल्या फुलाची पाकळी उलगडून आत डोकावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नवरा म्हणायचा, हिला चारचौघांत न्यायची सोय नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या खोबणीत उतरून दोर आणि कप्प्या तपासणारा माणूस. बोलणं मोजकं, हात मात्र सतत कशात तरी गुंतलेले. आता तो निवृत्त झाला होता आणि संस्थेच्या मागच्या फाटकाला लागून असलेल्या त्यांच्या क्वार्टरच्या खिडकीत एक कुंडी सांभाळत होता. तेवढंच त्याचं काम, आणि ते तो नोकरी असल्यासारखं करायचा. त्या कुंडीतल्या झाडाचं नाव भिंगरी.

भिंगरी हे आधी त्यांच्या मुलीचं घरातलं नाव होतं.

एकुलती एक मुलगी. एका जागी म्हणून टिकायची नाही, जेवतानाही तिचा एक पाय ताटाकडे आणि एक दाराकडे असायचा. सुट्टी लागली की आईबरोबर झाडं गोळा करायला डोंगरावर जायची. आई ज्या गटावर काम करत होती तो अगदीच साध्यासुध्या झुडपांचा. खडकाळ उतारावर वाढणारी गुडघाभर झाडं, नखाएवढी पांढरी फुलं. त्यांची एक खोड अशी की नर आणि मादी झाडं वेगळी. एका झाडाच्या फुलात नुसते केसर, दुसऱ्या झाडाच्या फुलात नुसती बियांची पिशवी. या गटात सगळीकडे उगवणारी एक जात होती, तिला संस्थेत पांढरी म्हणत. दुसरी एक दुर्मिळ, तिला खडकी म्हणत. बाकीची भावंडं लांब लांबच्या डोंगरांवर.

एका उतारावर मुलीला एक झाड सापडलं. फुलात पिशवीही होती आणि केसरही, आणि केसरांची टोकं गडद जांभळी. धावत येऊन तिने फांदी आईच्या हातात दिली आणि हे वेगळं आहे बघ, असं बजावलं. आईने घाईत ती फांदी वर्तमानपत्रात दाबली, कोपऱ्यात मुलीचं नाव लिहिलं आणि पुढच्या झाडाकडे वळली. तेव्हा ती खूप कामात असायची.

त्याच वर्षी भिंगरी शांत झाली. खेळायला न जाता पुस्तक घेऊन बसायला लागली, रंग उजळला, आवाज खाली आला. शेजारणी म्हणाल्या, पोर वयात आली, समजूतदार झाली. आईलाही तसंच वाटलं. वाटलं म्हणजे काय, बरं वाटलं, कारण पोर शांत बसली की हिला काम करता यायचं. डॉक्टरकडे नेलं तेव्हा रक्तातला आजार अंगभर पसरलेला होता. थोडं आधी आणलं असतं तर, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि पुढे तिने ते रोज स्वतःशी वेगवेगळ्या शब्दांत पुरं केलं. डोंगरावर पुन्हा फुलं यायच्या आत मुलगी गेली.

कितीतरी दिवस ती कामावर गेली नाही. मग गेली, आणि कपाटातले गठ्ठे उलगडताना ती फांदी हाती लागली. कोपऱ्यात मुलीचं नाव. जांभळी टोकं वाळूनही तशीच गडद. फुलात नर-मादी एकत्र, हे तर त्या गटात कुणातच नव्हतं. ती पुन्हा त्या उतारावर गेली, तशीच आणखी झाडं शोधली, मुळासकट एक घरी आणलं. आणि मग तिने ती नवी जात म्हणून जाहीर केली, मुलीचं नाव देऊन. लॅटिनचं शेपूट लावलेलं ते नाव छापून आलं त्या दिवशी नवऱ्याने तो कागद स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून उभ्यानेच वाचला. त्यातलं एक अक्षर त्याला कळलं नसणार, मुलीचं नाव सोडून.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची आणि कपाळाला हात लावायचा. दुनियेतलं प्रत्येक झाड कापून बघणाऱ्या या बाईने तेवढी एक फांदी कापली नाही. संस्थेचा नियम होता की ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो विनाकारण तोडू नये, आणि त्या नियमाआड ती लपली. पण खरं कारण तिला माहीत होतं. मुलीच्या हातची फांदी, तिला ब्लेड लावायला हात धजेना. खिडकीतल्या झाडालाही ब्लेड लावायचं नाही, असं न बोलता ठरून गेलं. केसरांवरचा जांभळा भुगा तिने परागकण म्हणून नोंदला, काचेखाली न घालता. विद्यार्थ्याने असं काही केलं असतं तर तिने त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

वर्षं गेली. भिंगरीला कधी बी धरलं नाही. नवरा फांद्या लावून लावून ते झाड जगवत राहिला. बी का धरत नाही, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही, पण तिने तो पडू दिला आणि तसाच पडून राहू दिला. संस्थेच्या बागेत या गटातली सगळी झाडं शेजारी शेजारी लावलेला एक वाफा होता, त्याला सगळे भावकीचा वाफा म्हणत. तिथेही तिने भिंगरीच्या फांद्या लावल्या. वाफ्यात खडकीही होती. खडकीचा मूळ डोंगर तोपर्यंत खाणीत गेला होता, आणि आता ती जात जगात उरली ती याच वाफ्यात, एवढंच त्यांना माहीत होतं.

तिची एक शिष्या होती. शिकून तिथेच लागली आणि आता या गटाची नव्याने मांडणी करत होती. कामाला वाघ, पण मॅडमपुढे अजून विद्यार्थिनीच. एका सकाळी ती वाफ्यावरून पळतच आली आणि पांढरीच्या मादी झाडांना केसर फुटलेत, अगदी भिंगरीसारखे जांभळे, म्हणून सांगू लागली. तिला वाटत होतं की भिंगरीचा आणि पांढरीचा संकर झाला. सगळ्यांचे काप घेऊन बघूया का, असं तिने विचारलं. आणि मग, थोडं चाचरत, भिंगरीचेही.

कापबाईने मी बघते एवढंच म्हटलं आणि फांद्या ठेवून घेतल्या. संकर कसला डोंबलाचा, बी न धरणाऱ्या झाडाचा संकर होतो कसा, हे तिच्या डोक्यात लगेच आलं होतं. आणि त्यापाठोपाठ दुसरं काहीतरी, ज्याच्याकडे तिने पाहायचं टाळलं.

शिष्या जेवायला गेल्यावर तिने आधी पांढरीचं खोड गाजरात बसवलं. चकत्या नेहमीसारख्या उतरल्या. लाल रंग दिला, काचेवर घेतल्या, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवल्या. नळ्यांच्या जुड्या जागच्या जागी, सालीखालचा जाड थर जागच्या जागी. आणि पेशी एकमेकींना जिथे टेकतात तिथे, भिंतींच्या मधून, केसाहून बारीक दोरे गेलेले. बुरशी. मग तिने जांभळा भुगा पाण्याच्या थेंबात घेतला. परागकण नव्हतेच ते. बारीक, खरखरीत पाठीचे, सगळे एकसारखे बुरशीचे बीजाणू. ही काणी होती. काही झाडांत ती शिरते ती अशी की पानंखोडं वरून ठणठणीत दिसतात, फक्त फुलात पराग यायचा तिथे काजळी येते, आणि मादी फुलालाही ती खोटे केसर फुटायला लावते. पुस्तकात तिने हे वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं.

भिंगरीची फांदी बशीत पडून होती. तिने ती गाजरात बसवली. पहिली चकती जाड आली, दुसरी तिरकी. तिसरी आली मनासारखी. तिने डोळा लावला.

जुड्या पांढरीसारख्या. पानाची साल सोलून बघितली, छिद्रंही पांढरीसारखी. खडे, लव, सालीखालचा थर, सगळं पांढरीचं. एकही गोष्ट वेगळी नाही. आणि पेशींच्या मधून सगळीकडे तेच दोरे, दाट, जुने. भिंगरी नावाची वेगळी जात नव्हतीच कधी. ती पांढरीच होती, आजारी.

तिला नवी जात गेल्याचं दुःख नव्हतं. चुका होतात, नावं मोडीत निघतात, हा धंदाच तसा आहे. तिला दुसरंच काही गिळत होतं. समोर आजार होता आणि तिने त्याला स्वभाव म्हटलं. पोर गप्प झाली तेव्हा समजूतदार झाली म्हटलं, झाडाला काजळी आली तेव्हा वेगळं आहे म्हटलं. दोन्ही वेळा आत बघितलं नाही. आत बघणं हेच जिचं काम, तिने घरचीच दोन लेकरं बाहेरून बघून सोडून दिली. आपल्याला आई म्हणायचं की वनस्पतिशास्त्रज्ञ, यातलं काय आधी काढून घ्यावं, असं तिला झालं.

तिने काचा धुतल्या आणि काप नीट आले नाहीत म्हणून शिष्येला सांगितलं. शिष्येने मान डोलवली. कापबाईचे काप नीट आले नाहीत, हे तिला पटणं शक्यच नव्हतं.

पुढचे दिवस कापबाईने चोरासारखे काढले. घरी नवरा कुंडीपुढे स्टूल टाकून वाळकी पानं खुडत असायचा आणि ती त्याच्या पाठीकडे बघत राहायची. एकदा तो सहज म्हणाला की यंदा भिंगरी चांगली फुलली आहे, आणि ती ताट तसंच सरकवून उठली. नाव मोडलं तर या माणसाजवळ काय उरतं, हा हिशेब ती सारखा करायची आणि दर वेळी उत्तर एकच यायचं. न सांगावं. शिष्येला दुसऱ्या कामाला लावावं. आपण निवृत्त व्हावं, मग काय व्हायचं ते होवो. रात्री ठरवलेलं हे सगळं सकाळी वाफ्यापाशी गेलं की डळमळायचं, कारण पांढरीच्या रांगेत रोज नवी जांभळी टोकं दिसायची. माश्या एका फुलावरून उठून दुसऱ्यावर बसत होत्या, त्यांना कोण अडवणार. तिने हाताने काही फुलं खुडून खिशात कोंबली आणि मग स्वतःचीच लाज वाटून तिथेच उभी राहिली.

मग खडकीची एक कळी उमलली. आत जांभळं.

आता पळायला जागा उरली नाही. खडकी गेली तर ती कुठूनच परत आणता येणार नव्हती. कापबाईने शिष्येला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. काप सुरेख आले होते, मी खोटं बोलले, इथपासून. शिष्या खाली मान घालून ऐकत होती. तिला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. तिने स्वतःही काप घेतले होते, मॅडमच्या माघारी, आणि मॅडम स्वतःहून सांगतील म्हणून ती थांबली होती. आता तीच रडायला लागली. मग डोळे पुसून तिने एक तोडगा काढला. वाफ्यातली रोगट झाडं कीड लागली म्हणून काढून टाकू. घरची कुंडी राहू दे. नाव पुस्तकात राहू दे, मी माझ्या मांडणीत त्याच्यापुढे ‘नमुना अपुरा’ लिहीन. कोण बघतंय?

“मी बघितलंय,” कापबाई म्हणाली. “आणि आमची खिडकी फाटकाला लागून आहे. माशीला कुंपण कळतं का?”

वाफ्यातली सगळी भिंगरी आणि रोग धरलेली पांढरी उपटून भट्टीत जाळायची, खडकीच्या निरोगी झाडांच्या फांद्या लांबच्या काचघरात हलवायच्या, असं ठरलं. भिंगरी हे नाव रद्द करण्याचा कागद आपण दोघींनी मिळून लिहूया, असं शिष्या म्हणाली. कापबाई नको म्हणाली, चूक माझी, सही माझी. घरच्या कुंडीबद्दल मात्र दोघीही बोलल्या नाहीत.

नवऱ्याला सांगायला तिने सकाळ निवडली. तो कुंडीत पाणी घालत होता. तिने सरळ सांगायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडल्यावर तिला आधी काणी म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली आणि ती वर्गात बोलल्यासारखी बोलत सुटली. तो पाणी घालायचं थांबून ऐकत राहिला. शेवटी ती म्हणाली, “अहो, ही वेगळी जात नाहीये. ही साधी पांढरी आहे. आजारी आहे. सापडली तेव्हाच आजारी होती.”

त्याने कुंडीकडे बघितलं.

“मग बरी कर.”

“बरी होत नाही.”

“तू एवढी शिकलेली. आयुष्य घातलंस यात. काहीतरी औषध असेल.”

“नाही हो. आतून सगळीकडे पसरलंय. प्रत्येक फांदीत आहे. तुम्ही जेवढ्या लावल्यात तेवढ्या सगळ्यांत.”

ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे तिला बोलल्यावर कळलं. तो स्टुलावर बसला. जाळावी लागेल, हे तिने त्याच्या पायाकडे बघून सांगितलं. नावाचं काय, असं त्याने विचारलं. नाव पुसलं जात नाही, ती म्हणाली. पांढरीच्या नावाखाली बारीक अक्षरात राहतं, हे आणि ते एकच म्हणून. मग उठून त्याने खिडकी लावून घेतली, कडी घातली, आणि तिच्याकडे पाठ करून कुंडीपुढे उभा राहिला. तिला वाटलं तो ओरडेल, निदान एकदा तरी म्हणेल की तुझ्यामुळे. तसं तो मुलगी गेली तेव्हाही म्हणाला नव्हता, आणि त्या न म्हणण्याला ती इतकी वर्षं घाबरून होती. ती तशीच चप्पल घालून कामावर निघून गेली.

दुपारी उशिरा खोलीच्या दारात तो उभा होता. हातात कुंडी, वरून तिच्या जुन्या ओढणीने झाकलेली, माश्या बसू नयेत म्हणून. बाहेर बागेत भट्टी पेटवायची तयारी चालली होती. शिष्या त्याला बघून उठली आणि काही निमित्त काढून बाहेर गेली. त्याने कुंडी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “मला दाखव.”

इतक्या वर्षांत तो या खोलीत कधी बसला नव्हता. तिने त्याला स्टूल दिलं, शिष्येने बनवलेली भिंगरीची काच खाली सरकवली, त्याच्या डोळ्याच्या बेताने उजेड लावून दिला. आधी त्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग तो एकदम स्थिर झाला.

“कुठे आहे?”

“पेशींच्या मधून बारीक दोरे गेलेत ना, ते.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं तिचं आहे.”

तो बघत राहिला. लिफ्टच्या खोबणीत वाकून बघावं तसा, घाई न करता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बाकीचं किती नीट आहे गं, असं तो पुटपुटला. ती टेबलाची कड धरून उभी होती. आता तो वर बघेल आणि जे बोलायचं ते बोलेल, असं तिला वाटलं. त्याने डोळा काढला नाही, पण बोलला.

“ती जिना चढताना मध्येच बसायची. शेवटी शेवटी. मी खालून बघायचो. म्हटलं, लिफ्टवाल्याची पोर, हिला जिन्याचा कंटाळा. मी चिडवायचो तिला. ती हसायची आणि उठून चढायची.”

कापबाईला हे माहीत नव्हतं. ती त्या वेळी कामावर असायची.

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

“काय सांगणार होतो? तू म्हणाली असतीस, तुमच्या डोळ्यांदेखत बसत होती आणि तुम्ही हसत होता.”

ती तसं म्हणाली नसती. किंवा म्हणाली असती, तिला खात्री देता येईना. एका घरात, एका ताटलीतलं खाऊन, दोघांनी आपापलं पाप आपापल्या उशीखाली ठेवलं होतं आणि दुसऱ्याला ते दिसू नये म्हणून जपलं होतं. तिला वाटलं होतं तो तिला दोष देत नाही तो मोठ्या मनाने. तो गप्प होता तो भीतीने, तिच्याइतक्याच. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला रडू फुटलं, आणि त्याने काचेवरून डोळा न काढता तिचा तो हात घट्ट धरला.

बाहेरून माळ्याने भट्टी धगधगल्याची हाक दिली. कुंडी न्यायला तो दारापर्यंत आला आणि दोघांकडे बघून तिथेच थांबला. नवरा उठला. कापबाईने एका बाजूने कुंडी धरली, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि ती दोघं बागेच्या पायवाटेने एकमेकांच्या पायात अडखळत भट्टीकडे निघाली. खरं तर ती एका हातात मावेल एवढीशी कुंडी होती.